मंगळवारी रात्री समोर कोण?

कनेक्टिकट राज्यात पुरुषांचा एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. आइस हॉकीचा व्हेलर्स होता, तो १९९७ साली हार्टफर्ड सोडून गेला तो गेलाच. त्यामुळे इथे कॉलेजचा बास्केटबॉल संघ हाच राज्याचा संघ. स्टॉर्स नावाच्या गावात १८८१ साली शेतकी शाळा म्हणून सुरू झालेल्या विद्यापीठाचा, म्हणजे यूकॉनचा. मी हार्टफर्डला विमा कंपनीत आयटीचं काम करते. या शहरात विमा कंपन्या उदंड, म्हणून आयटीतली मराठी माणसंही बरीच, आणि हिवाळा इतका लांबतो की संध्याकाळी काहीतरी नाद लागतोच. मला यूकॉनचा लागला. या संघाने कॉन्फरन्स गमावली, दुसऱ्यांच्या दारात ताटकळला, पैसे मोजून परत फिरला आणि स्थिरावल्यावर पुन्हा बाहेर डोकावू लागला, हे सगळं मी तिकीट काढून पाहिलं. त्यातून जे उमगलं ते लिहून ठेवतेय.

१. कॉन्फरन्स म्हणजे आधी वेळापत्रक, बाकी सगळं मागून.

अमेरिकेत कॉलेजचे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत खेळतात. मोसमातले बरेचसे सामने गटातल्या गटात, शेवटी गटाची स्वतःची स्पर्धा, आणि टीव्हीकडून मिळालेला पैसा गटात वाटून घ्यायचा. मार्चमध्ये ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते, ती वेगळी. गट बदलायची चर्चा निघाली की विद्यापीठाचे अध्यक्ष, ट्रस्टी, सल्लागार सगळे मार्चकडे नाहीतर टीव्हीच्या चेककडे पाहतात. मार्च चांगल्या संघाला कुठूनही गाठता येतो. निभवायचा असतो तो जानेवारीतला मंगळवार.

हे मला माझ्या बाबांनी दाखवून दिलं. बाबा एसटीत होते. अकोला आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. यूकॉन तेव्हा अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्समध्ये होतं. बाबा हिवाळ्यात आमच्याकडे आले होते आणि फ्रिजवर लावलेलं वेळापत्रक त्यांनी चष्मा लावून वाचायला घेतलं. तुलसा कुठं आलं, मेम्फिस कुठं आलं, विचारत गेले. मी फोनवर नकाशा काढून दिला. ह्यूस्टन, डॅलस, न्यू ऑर्लीन्स, ऑर्लँडो, टँपा. बाबांनी पेन्सिल मागितली आणि प्रत्येक नावापुढे अंतर लिहून काढलं. तुलसापुढे दोन हजार किलोमीटरच्या वरचा आकडा आला. सगळ्यांत जवळचं फिलाडेल्फिया, तेही मोटारीने चारेक तास. कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "एवढ्या दूर कायले नेतेत पोट्ट्यांले?"

"विमानानं जातात, बाबा."

"जाऊ दे ना इमानानं. भारमान किती?"

भारमान म्हणजे गाडी किती भरली याचा टक्का. त्यांची सगळी नोकरी त्या एका आकड्यावर गेली. त्याच आठवड्यात मी त्यांना हार्टफर्डच्या मोठ्या स्टेडियमात एका मंगळवारच्या सामन्याला नेलं. पंधरा हजारांवर माणूस बसेल एवढी जागा, आणि आमच्या पुढच्या तीन रांगांत मिळून एक कुटुंब. त्यांचा मुलगा खुर्च्यांच्या रांगेवर आडवा झोपला होता. पाहुण्या संघाच्या बाजूला माणूस नाही, कारण तिथून येणार कोण? बाबा खेळ कमी आणि खुर्च्या जास्त पाहत होते. मध्यंतरात म्हणाले, "ही फेरी बंद कराले पाह्यजे."

२. वाटणी झाली तेव्हा नाव घेणारे शहाणे निघाले.

यूकॉन त्या गटात गेलं कसं, हे थोडं मागे जाऊन सांगावं लागेल. १९७९ साली प्रॉव्हिडन्स कॉलेजच्या डेव्ह गॅव्हिट यांनी बिग ईस्ट नावाचा गट बांधला. त्यांचा हिशेब साधा आणि फार हुशार होता. पूर्वेकडच्या मोठ्या शहरांत एकेक बास्केटबॉलवेडं कॉलेज आहे. ती एकत्र आणली की न्यूयॉर्क, बॉस्टन, वॉशिंग्टन इथले टीव्ही आपोआप एकत्र येतात. केबल वाहिन्या तेव्हा नुकत्या पाय रोवत होत्या आणि त्यांना संध्याकाळी दाखवायला काहीतरी हवं होतं. जॉर्जटाउन, सेंट जॉन्स, सिरॅक्यूज, प्रॉव्हिडन्स, सीटन हॉल, बॉस्टन कॉलेज आणि सगळ्यांत ग्रामीण असं आमचं यूकॉन. होली क्रॉसलाही बोलावणं होतं, त्यांनी नाही म्हटलं. त्या नकाराबद्दल न्यू इंग्लंडमध्ये अजून बोललं जातं. १९८३ पासून गटाची स्पर्धा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होऊ लागली. १९८५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत तीन बिग ईस्टचे होते. यूकॉन सुरुवातीला लिंबूटिंबूच. १९८६ मध्ये जिम कॅल्हून प्रशिक्षक म्हणून आले आणि १९९९ मध्ये पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. मोठ्यांचा मार खात खात आमचा संघ मोठा झाला.

मग फुटबॉलने हा गट पोखरला. अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे. कॉलेजच्या खेळातला खरा पैसा त्यात, आणि बिग ईस्टमध्ये फुटबॉल खेळणारी आणि न खेळणारी अशी दोन्ही कॉलेजं होती. फुटबॉलवाली एकेक करून जास्त पैशांच्या गटांत निघाली. शेवटी २०१३ मध्ये वाटणी झाली. मोठा फुटबॉल नसलेली सात कॅथलिक कॉलेजं वेगळी झाली आणि त्यांनी बिग ईस्ट हे नाव आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनची स्पर्धा घेतली. मागे राहिलेल्यांना रोकड मिळाली, सोडून गेलेल्यांनी भरलेल्या दंडाची, सुमारे १० कोटी डॉलर. मागे राहिलेल्यांत यूकॉन होतं. रोकड खर्च झाली. मॅडिसन स्क्वेअर गार्डन जागच्या जागी आहे.

३. जिंकत असताना दुखणं दिसत नाही.

नव्या गटातल्या पहिल्याच मोसमात, एप्रिल २०१४ मध्ये, यूकॉनच्या पुरुष संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सातवं मानांकन, अंतिम सामन्यात केंटकीवर ६०–५४. मग बोलणार काय? गट कुठलाही असला तरी काही बिघडत नाही, असं सगळीकडे ऐकू येऊ लागलं. आमच्या ऑफिसात तर गटाचा विषय काढणं अपशकुन समजलं जाई.

पण तो संघ जुन्या गटात घडलेला होता. त्यातली मुलं बिग ईस्टमध्ये खेळायला म्हणून आली होती. ती पदवी घेऊन गेली आणि तीन वर्षांत उतार सुरू झाला. २०१६–१७ मध्ये १६ विजय, १७ पराभव. पुढच्या वर्षी १४ विजय, १८ पराभव. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा १६–१७. प्रशिक्षक बदलला, चौकशी झाली, दोष कुणाकुणावर गेला. दोष त्या माणसांचे असतीलही. पण गट बदलल्याचा परिणाम जुन्या मुलांवर होत नाही, पुढच्या मुलांवर होतो, आणि ती अजून शाळेत असतात. म्हणून निर्णयानंतरच्या पहिल्या दोन वर्षांचा निकाल मी आता कुणालाच पुरावा म्हणून मांडू देत नाही, तो माझ्या बाजूने असला तरीही.

४. फार सोपं जिंकणं हाही तोटाच.

यूकॉनचा महिला संघ ही वेगळीच चीज आहे. जीनो ऑरिएमा १९८५ पासून प्रशिक्षक आहेत. अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्समधल्या सात मोसमांत या संघाचा गटातला हिशेब होता १३९ विजय, पराभव शून्य. दरम्यान २०१४, २०१५, २०१६ अशी ओळीने तीन राष्ट्रीय विजेतेपदं. कागदावर याहून सुखाची जागा नाही. पण माझी मुलगी तेव्हा शाळेच्या संघात खेळायला लागली होती आणि हौसेने सामन्याला यायची. दुसऱ्या क्वार्टरलाच गुण दुप्पट झाले की ती पुस्तक काढायची. बास्केटबॉल आवडणारी मुलगी देशातला सर्वांत चांगला संघ समोर खेळत असताना गोष्टीचं पुस्तक वाचते, हे कुठल्या ताळेबंदात येत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये, बिग ईस्टमध्ये परतल्यावर, व्हिलानोव्हाने या संघाला ७२–६९ असं हरवलं आणि गटातली ओळीने १६९ विजयांची मालिका तुटली. मुलगी त्या रात्री जेवली नाही. मला मनातून बरं वाटलं.

५. करारात रक्कम पाहतात, वाहिनी पाहत नाहीत.

२०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्सने ईएसपीएनशी नवा करार केला. बारा वर्षं, १०० कोटी डॉलर. प्रत्येक कॉलेजला वर्षाला साधारण ७० लाख. आधीच्या मानाने भरभक्कम. बिग ईस्टच्या कॉलेजांना तेव्हा टीव्हीकडून याहून कमी मिळत होतं. नुसत्या रकमेवर ठरवायचं तर यूकॉनने तिथेच राहायला हवं होतं.

पण त्या करारात बरेच सामने पैसे भरून बघायच्या ॲपवर जाणार होते. कनेक्टिकटमध्ये महिला संघाचे सामने एका प्रादेशिक वाहिनीवर दिसायचे. आजी-आजोबा, नर्सिंग होममधली माणसं, चर्चच्या हॉलमध्ये जमणारी मंडळी, सगळी त्या वाहिनीला चिकटलेली. आमच्या शेजारच्या आजी नव्वदीला टेकल्या होत्या. त्यांना प्रत्येक खेळाडूचं गाव माहीत. त्यांनी मला एका सकाळी अडवून विचारलं, "हे ॲप म्हणजे टीव्हीवर कितव्या नंबरला लागतं?" याच आजी आणि त्यांच्यासारखे हजारो जण संघाची तिकिटं काढतात, देणग्या देतात, नातवंडांना त्या कॉलेजात पाठवतात. चार महिन्यांत, २०१९ च्या जूनअखेर, यूकॉनने बिग ईस्टमध्ये परतायचं जाहीर केलं.

६. निघण्याचा खर्च आधी मांडावा, आणि तो कुणाच्या नावावर पडतो हेही बघावं.

अमेरिकन ॲथलेटिकला १ कोटी ७० लाख डॉलर, लवकर सोडल्याबद्दल. बिग ईस्टला ३५ लाख, प्रवेशाचे. त्या सुमारास यूकॉनच्या क्रीडा विभागाची वर्षाची तूट ४ कोटी डॉलरच्या वर होती आणि ती विद्यापीठाच्या पैशातून भागवली जायची. म्हणजे तुटीतलं घर, तरी स्थलांतराला २ कोटींवर. टीका झाली, आणि व्हायलाच हवी होती.

एक खर्च मात्र पावतीवर दिसत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत संघ जसजसा पुढे जातो, तसतसे त्याच्या कॉन्फरन्सच्या खात्यात वाटे जमा होतात, त्याला युनिट म्हणतात. एका युनिटचे सहा वर्षांत मिळून साधारण २० लाख डॉलर येतात. ते कॉन्फरन्सचे असतात, कॉलेजचे नसतात. तुम्ही गट सोडलात की तुम्ही कमावलेली युनिटं मागे राहणाऱ्यांना मिळत राहतात. विमा कंपनीत काम करणाऱ्या माणसाला हे कलम वाचून हसू येतं. इतकं चोख कलम आम्हालाही जमत नाही.

आणि ज्यांचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता त्यांचं काय? जून २०२० मध्ये, तूट आणि कोविड अशा दोन्हींच्या दडपणाखाली, विद्यापीठाने चार खेळ बंद करायचं ठरवलं. पुरुषांचं टेनिस, पुरुषांचं पोहणं, पुरुषांचं क्रॉसकंट्री आणि महिलांचं रोइंग. रोइंगच्या मुली कोर्टात गेल्या आणि त्यांचा खेळ वाचला. बाकीचे तीन गेले. दोन्ही गोष्टींचा थेट धागा जोडता येणार नाही, मी जोडतही नाही. पण ज्या वर्षी एका खेळाला घरी आणायला कोट्यवधी मिळाले, त्याच वर्षी पोहणाऱ्या मुलांना दुसरं कॉलेज शोधा असं सांगावं लागलं, हे टाळून जमाखर्च पुरा होत नाही.

७. भांडण कोर्टात नेण्याआधी पुढच्या वीस वर्षांचा विचार करावा.

२००३ मध्ये बॉस्टन कॉलेज आणि मायामी बिग ईस्ट सोडून एसीसी नावाच्या दुसऱ्या गटात निघाले, तेव्हा मागे राहणाऱ्या विद्यापीठांनी त्यांच्यावर दावा ठोकला. कनेक्टिकटचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल रिचर्ड ब्लूमेंथाल आघाडीवर होते. २०११ मध्ये एसीसीत जागा निघाल्या, सिरॅक्यूज आणि पिट्सबर्गला मिळाल्या, यूकॉनला नाही. बॉस्टन कॉलेजच्या क्रीडासंचालकांनी नंतर उघडपणे मान्य केलं की यूकॉनला घ्यायला आमचा विरोध होता. त्यांना न्यू इंग्लंडमध्ये एकट्याची सत्ता हवी होती, हे कारण त्यांनीच दिलं. पण कोर्टाच्या त्या पायऱ्या ते विसरले असतील असं मला वाटत नाही. आज शेजारी आपल्यामुळे अडलेला आहे, उद्या आपली फाइल त्याच्या टेबलावर असते.

८. फुटबॉलच्या नादात बास्केटबॉलचं घर विकू नये.

ही सगळ्यांत महागडी शिकवण, आणि ती अजून पुरी झालेली नाही. यूकॉनने विसाव्या शतकाच्या शेवटी फुटबॉल वरच्या वर्गात न्यायचं ठरवलं. २००३ मध्ये ईस्ट हार्टफर्डला जुन्या विमानतळाच्या जागी ४० हजारांचं स्टेडियम उभं राहिलं, सरकारी पैशाने, स्टॉर्सपासून अर्ध्या तासावर. संघ चांगला जमलाही. जानेवारी २०११ मध्ये ॲरिझोनातल्या फिएस्टा बोल या सामन्यापर्यंत गेला, ओक्लाहोमाकडून ४८–२० हरला, आणि न विकलेल्या तिकिटांचा गठ्ठा विद्यापीठाच्या अंगावर पडला. ॲरिझोनात जानेवारीत जाऊन बघणारा प्रेक्षक या संघाला अजून कमवायचा होता.

मग नोव्हेंबर २०१२. मेरीलँड एसीसी सोडून बिग टेन या गटात निघालं आणि एसीसीत एक जागा रिकामी झाली. आमच्याकडे सगळ्यांना वाटलं, आता आपलाच नंबर. अभ्यासात वर, बास्केटबॉलमध्ये राजे, न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या मधोमध. जागा लुईव्हिलला मिळाली. त्यांचा फुटबॉल आमच्याहून चांगला होता. २०१६ मध्ये बिग ट्वेल्व्ह या आणखी एका गटाने नवे संघ घ्यायचे म्हणून अर्ज मागवले, मुलाखती घेतल्या, यूकॉनही गेलं, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की कुणालाच घ्यायचं नाही. नोकरीच्या मुलाखतीला बोलावून जागाच रद्द झाल्याचं सांगतात, तसं.

२०१९ च्या निर्णयातली धाडसाची गोष्ट हीच की क्रीडासंचालक डेव्हिड बेनेडिक्ट आणि ट्रस्टींनी फुटबॉलला वाऱ्यावर सोडलं. बिग ईस्टमध्ये फुटबॉल नाही, त्यामुळे तो संघ कुठल्याच कॉन्फरन्सविना, स्वतंत्र. लोकांनी त्याचं श्राद्ध घालून टाकलं. २०२० चा मोसम कोविडमुळे रद्द झाला. आणि मग २०२४ मध्ये याच अनाथ संघाने नऊ सामने जिंकले आणि बॉस्टनच्या फेनवे पार्कवर नॉर्थ कॅरोलायनाला २७–१४ असं हरवलं. नॉर्थ कॅरोलायना एसीसीतलं. मी फुटबॉल फारसा बघत नाही. तो सामना शेवटपर्यंत बघितला.

९. मुलं नकाशावरून येतात, आणि नकाशाबाहेरूनही.

डॅन हर्ली २०१८ मध्ये प्रशिक्षक झाले. न्यू जर्सीचे, स्वतः सीटन हॉलकडून बिग ईस्टमध्ये खेळलेले. त्यांचे वडील बॉब हर्ली जर्सी सिटीतल्या एका छोट्या कॅथलिक शाळेचे इतके नामी प्रशिक्षक की त्यांचं नाव बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे. अशा माणसाला न्यूयॉर्क आणि जर्सीतल्या घरी जाऊन, "तुमचा मुलगा तुलसात खेळेल" हे सांगायला लावणं म्हणजे त्याचे हात बांधणं. "तो मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खेळेल, तुम्ही ट्रेनने या," हे वाक्य वेगळंच पडतं. परतल्यावर तिसऱ्याच मोसमात, २०२३ मध्ये, सॅन डिएगो स्टेटवर ७६–५९ आणि विजेतेपद. २०२४ मध्ये पर्ड्यूवर ७५–६० आणि पुन्हा. ओळीने दोन विजेतेपदं याआधी २००६ आणि २००७ मध्ये फ्लोरिडाला मिळाली होती. आमच्या संघात मधोमध खेळणारा डोनोव्हन क्लिंगन, सात फूट दोन इंच, ब्रिस्टलचा. हार्टफर्डहून अर्ध्या तासावरचं गाव.

आता यातला विनोद. २०२४ च्या शेवटच्या चारांतला सर्वोत्तम खेळाडू ठरला ट्रिस्टन न्यूटन. तो यूकॉनला बदली होऊन आला होता ईस्ट कॅरोलायनाहून. म्हणजे अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्समधून, जिथल्या सामन्यांना आमच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या! खेळाडू कुठेही असतो. प्रेक्षक कुठेही नसतो.

१०. ज्यांच्याशी हरलेलं लक्षात राहतं, त्यांच्याशीच खेळावं.

मी अकोल्याची. आमचा विदर्भ राज्याच्या नकाशात महाराष्ट्रात आणि दुलीप करंडकाच्या नकाशात मध्य विभागात, राजस्थान, उत्तर प्रदेश, रेल्वे यांच्या पंगतीला. रणजीमध्ये विदर्भाचा स्वतःचा संघ, तीनदा विजेता. २०२४–२५ चा अंतिम सामना केरळशी झाला आणि करंडक नागपुरातच राहिला. माझा भाऊ त्या आठवड्यात फोनवर बोलला तो मात्र उपांत्य सामन्याबद्दल. त्यात नागपुरात मुंबईला ८० धावांनी हरवलं होतं, आणि आदल्या वर्षी अंतिम सामन्यात याच मुंबईने आम्हाला हरवलं होतं. केरळबद्दल त्याने दोन वाक्यं काढली, तीही आदराची. आदराने भारमान वाढत नाही.

यूकॉनचे जुने चाहते २००९ ची एक रात्र अजून काढतात. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, सिरॅक्यूजविरुद्ध, सहा ओव्हरटाइम, शेवटी १२७–११७. आम्ही हरलो होतो. तुलसाविरुद्धचा एकही विजय मला कुणी असा सांगितलेला नाही. आता प्रॉव्हिडन्स रूट ४४ ने दीड तासाच्या आत, जवळजवळ अकोला–अमरावतीएवढं. त्यांचे लोक गाड्या भरून येतात, आमच्या गॅम्पेल पॅव्हिलियनमध्ये कोपऱ्यात काळ्या जर्सीत बसतात आणि चाळीस मिनिटं आम्हाला डिवचतात. दहा हजारांची जागा, आवाज घुमटात कोंडतो, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सामना संपल्यावर गोठ्याच्या वासातून गाडीपर्यंत चालायचं. विद्यापीठाच्या गाई अजून तिथेच आहेत, आणि त्यांच्या दुधाचं आइस्क्रीमही. बाबा दुसऱ्या खेपेला आले तेव्हा अशाच एका सामन्याला बसले आणि कागद-पेन्सिल मागितली नाही.

११. स्थिरावलात की परत विचारणा होतेच.

२०२४ च्या उन्हाळ्यात बिग ट्वेल्व्हचे आयुक्त ब्रेट यॉर्मार्क पुन्हा यूकॉनचं नाव घेऊन आपल्या सदस्यांकडे गेले. या बिग ट्वेल्व्हमध्ये आता १६ संघ आहेत, ॲरिझोना आणि युटाहपासून वेस्ट व्हर्जिनिया आणि फ्लोरिडापर्यंत. बास्केटबॉल आधी, फुटबॉल काही वर्षांनी, असा बेत होता. सप्टेंबरमध्ये तो थांबला. थांबला म्हणजे संपला असं इथे कुणी समजत नाही. २०२५ च्या मोसमापासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ते आणायचे कुठून, हा प्रश्न बिग ईस्टच्या प्रत्येक कॉलेजपुढे आहे, आणि फुटबॉलवाल्या गटांचा टीव्हीचा पैसा कितीतरी पट मोठा आहे. पश्चिमेकडे गोंझागा विद्यापीठाने याच गणितापायी ऑक्टोबर २०२४ मध्ये आपला जुना गट सोडून पॅक-ट्वेल्व्हमध्ये जायचं ठरवलं, २०२६ पासून. त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्या गटात त्यांना वर्षानुवर्षं तोडीचा असा एखाददुसराच मिळत होता. यूकॉनचं तसं नाही.

माझं मत विचाराल तर यूकॉनने जाऊ नये. बास्केटबॉलचे संघ खास विमानाने जातात, त्यांचं एक वेळ निभेल. पण व्हॉलीबॉलच्या आणि सॉफ्टबॉलच्या मुली बुधवारी दूर टेक्सासातल्या लबकला खेळून गुरुवारी सकाळी स्टॉर्सला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये कशा पोचणार, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी कॅन्ससचा. तो या विषयावर मला रोज छेडतो. म्हणतो, बिग ट्वेल्व्हमध्ये या, म्हणजे कॅन्ससशी नेमाने खेळायला मिळेल. मी म्हणते, त्यासाठी गट कशाला बदलायचा? १ डिसेंबर २०२३ ला खेळलोच की तुमच्या मैदानावर, ६९–६५ असे हरलो, आणि एप्रिलमध्ये विजेतेपद घेऊन आलो. त्यावर तो गप्प बसतो. कॅन्सस खरंच गॅम्पेलला दर दोन वर्षांनी येणार असेल, तर तिकिटाच्या रांगेत मी त्याच्याही पुढे उभी असेन, हे मी त्याला अर्थातच सांगितलेलं नाही.